बाबांच्या हातातलं फावडं

मार्कहॅम, ९ ऑक्टोबर २००५

प्रफुल्ल,

जयभीम. त्याआधीचा 'सप्रेम' गाळला आहे. गाळण्याच्या कामात तुझा हात माझ्यापेक्षा सफाईदार, पण मीही शिकते आहे.

पत्र का, ईमेल का नाही? कारण ईमेल तू वाचायच्या आत फॉरवर्ड करतोस. फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतोस. ओटावाजवळच्या तुझ्या कनाटातल्या मीटिंगा रविवारीसुद्धा चालतात हे मला सख्ख्या भावामुळे कळलं. कागद निदान हातात धरून फाडावा लागतो.

परवा नीलिमाने ओटावाहून पाकीट पाठवलं. ती बिचारी तुमच्या तिथल्या आंबेडकरी संघाच्या कार्यक्रमांना चहा बघते, तिला वाटलं मला आनंद होईल. आत तुझी पुस्तिका. 'हाऊ द टाइड टर्न्ड'. दोस्त राष्ट्रांनी दुसऱ्या महायुद्धाची बाजी कशी पलटवली, आणि त्यात आपल्या वडिलांचा वाटा. चोवीस गुळगुळीत पानं. लेखक: प्रफुल्ल रामटेके.

लेखक!

दोन हिवाळे मी बाबांसमोर वही घेऊन बसले. बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा पडलेला असायचा आणि मी विचारत असायचे, "मग नदीला पूर आला, मग काय झालं?" ती वही तू उन्हाळ्यात 'फक्त वाचायला' म्हणून नेलीस. पाऊस, पूर, डब्यातलं चीज, बाबांना आलेला ताप, सगळं तुझ्या पुस्तिकेत आहे, माझ्याच क्रमाने. फक्त जिथे जिथे बाबांच्या हातात फावडं होतं तिथे तिथे तू मशीनगन ठेवलीस.

तुला माहीत आहे, पण तुझ्या वाचकांना नाही, म्हणून पुन्हा लिहिते. रावसाहेब रामटेके पायोनियर कंपनीत होते. पायोनियर म्हणजे रस्ते करणारे, दगड वाहणारे, चिखलात रुतलेलं वर काढणारे. १९४३ च्या नोव्हेंबरात इटलीत सांग्रो नदीला पूर आला, पूल वाहून गेले, रस्त्याचा राडा झाला. पलीकडे जर्मन, अलीकडे दोस्तांचे रणगाडे आणि मध्ये गुडघाभर चिखल. त्या चिखलात बाबांच्या कंपनीने पडक्या घरांचे दगड आणून भरले तेव्हा रणगाडे पुढे सरकले. एवढीच त्यांची लढाई. पान अकरावर तू काय लिहितोस? तर 'रामटेके यांनी एकट्याने पूल राखला.' प्रफुल्ल, तिथे राखायला पूल शिल्लकच नव्हता.

आणि मुखपृष्ठावर मशीनगनमागे पडून नेम धरणारा जो जवान आहे, तो बाबा नव्हेत. तो शीख आहे. इंटरनेटवरून उचलताना तू पगडीवर कात्री चालवलीस, दाढी तशीच राहिली.

बारा नोव्हेंबरला तू बाबांना तुमच्या कार्यक्रमात स्टेजवर बसवणार आहेस, कॅनेडियन माजी सैनिकांसमोर. त्याआधी प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी घाल. तीन ओळी पुरतील. नाहीतर बाबा येणार नाहीत.

मैत्रेयी

•

मार्कहॅम, २३ ऑक्टोबर २००५

प्रफुल्ल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पार्लमेंटचं चित्र छान आहे. मागे एक ओळ: 'ताई, १९६८ विसरलीस का?'

१९६८ मध्ये जगात पुष्कळ घडलं. मी तेव्हा नागपुरात नववीत होते आणि तू पाचवीत. याहून जास्त मला काही आठवत नाही. विषय बदलू नकोस.

मंगळवारी मी लायब्ररीतून लवकर घरी आले. बाबा वर स्वयंपाकघरात फोनवर होते. मी खाली बेसमेंटमध्ये गेले आणि तिथला फोन चुकून उचलला गेला. बरं, चुकून नाही. उचलला.

तू म्हणत होतास, "बाबा, आपल्या लोकांना इंग्रजांनी फौजेत घेणं बंद केलं होतं. बाबासाहेबांनी भांडून ते दार उघडलं. आणि आत शिरून आपण काय केलं? मातीकाम! गावात जे करत होतो तेच! दर एक जानेवारीला मी हॉलमध्ये उभा राहून कोरेगावच्या शूरांना मानवंदना देतो. त्याच हॉलमध्ये कुठल्या तोंडाने सांगू, की माझा बाप फावडं घेऊन गेला होता?"

बाबा म्हणाले, "तोंड तुझं हाय, बापा. फावडं मी धरलं होतं."

"म्हणजे येणार ना?"

"पोट्टा बोलावते तं येणारच. सूट इस्त्रीला दे म्हणतो मैत्रेयीले."

तुझा आवाज एकदम मऊ झाला. मी तो आवाज आई गेली त्यानंतर ऐकला नव्हता. म्हणून फोन ठेवला. नाहीतर तिथेच तुला दोन शब्द सुनावले असते.

वर गेले. विचारलं, "बाबा, त्याने पुस्तिकेत काय छापलंय माहीत आहे तुम्हाला?"

"नाही. वाचून दाखव."

मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये.

तो डोक्यावर होता. बाबांनी पाहिला.

दुरुस्तीची चिठ्ठी घातल्याचं अजून कळलेलं नाही. तीन ओळी, प्रफुल्ल. तू कंपनीत त्याहून लांब सबबी लिहितोस.

मैत्रेयी

•

मार्कहॅम, ६ नोव्हेंबर २००५

प्रफुल्ल,

ठीक आहे. १९६८.

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा. विषय फळ्यावर लिहिला होता: 'दोस्त राष्ट्रांनी महायुद्धाची बाजी कशी पलटवली?' बाकीची पोरं रशियातली थंडी, आफ्रिकेतलं वाळवंट, फ्रान्सचा किनारा असं पाठ करून आली होती. सगळ्यांचे सेनापती तेच, सगळ्यांच्या तारखा त्याच. श्रोते जांभया देत होते. माझा नंबर शेवटचा. माझ्याकडे सेनापती नव्हता, बाप होता.

मी काय केलं ते तुला माझ्याहून चांगलं आठवतं, कारण तू तिसऱ्या रांगेत बसला होतास. मी फावडं खांद्यावर घेतल्याची नक्कल केली. चिखलात पाय रुतल्याची केली. बाबा गोऱ्या साहेबाला सलाम करतात आणि सलाम करताना फावडं साहेबाच्या पायावर पडतं, तीही केली. ते कधी घडलं नव्हतं. हॉल हसून हसून आडवा झाला. परीक्षकांनी डोळे पुसले. पहिला नंबर.

माझं लिहिणं तिथून सुरू झालं. टोरंटोच्या मराठी मासिकात दर महिन्याला लोक माझं जे वाचतात आणि 'काय झोडलंय बाईने' म्हणतात, त्याची पहिली टाळी त्या दिवशीची.

आणि तू तीन वर्षं शाळेत 'फावड्या' होतास. तुझ्या दप्तरात ओली माती भरायचे. एकदा तू शर्ट उलटा घालून घरी आलास, आईने विचारलं तर 'पडलो' म्हणालास. मला माहीत होतं तू का पडतोस. मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बक्षिसाचा चषक कपाटावरून खाली आला असता.

हे कबूल करून मी तुला माफ करत नाही, आणि तू मला करावंस असंही म्हणत नाही. मी पंधरा वर्षांची होते. तू सत्तेचाळीस वर्षांचा आहेस, इंजिनिअर आहेस, आणि त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्या देखत खोटा ठरवायला निघाला आहेस. मी हॉल हसवला. तू हॉल फसवतो आहेस. हे वाक्य मी मासिकात छापलं असतं तर वाहवा मिळाली असती. पण इस्त्री केलेला सूट खुंटीवर लटकतो आहे, त्यावर इटलीचं पदक आहे. ते खरं आहे. सरकारने दिलंय, फावड्यालाच दिलंय. बाबा दोनदा जाऊन त्याला हात लावून आले.

त्यांना मी थांबवू शकत नाही. शुक्रवारी मी त्यांना गाडीने घेऊन येते. चिठ्ठी घाल. अजून सहा दिवस आहेत.

ताई

•

मार्कहॅम, १३ नोव्हेंबर २००५

प्रफुल्ल,

आज दुपारी घरी पोचलो. तुला फोन केला नाही, तूही केला नाहीस. बाबा झोपलेत. कालचं सगळं लिहून ठेवते, कारण उद्या तू म्हणशील की तसं नव्हतं.

चिठ्ठी नव्हती. दारात ऊर्मी पुस्तिका वाटत होती. मी तिला विचारलं, "तुझ्या बाबाने यात कागद घातलाय का एक?" ती म्हणाली, "व्हॉट पेपर, आत्या?" पोरगी खरंच सांगत होती. तिच्या घरात आजोबा मशीनगन चालवायचे, जन्मापासून.

ऐंशीएक माणसं. अर्धी आपली मराठी, अर्धी कॅनेडियन. पुढच्या रांगेत चार म्हातारे ब्लेझर घालून, छातीवर शहिदांच्या आठवणीचं लाल पॉपीचं फूल. बाबा स्टेजवर, शेजारी तू, दुभाषा म्हणून. दुभाषा मी व्हायला हवं होतं. तू म्हणालास, ताई, तुझं इंग्रजी लायब्ररीतलं आहे. मी मागे जाऊन बसले.

बाबा बोलायला उठले. कागद नाही, काही नाही. म्हणाले, "आमी रस्ता केला. नदीले पूर होता. खडी नव्हती. साहेब म्हणे गावातली घरं पडलीत, त्याचे गोटे आणा. आमी आणले. मोठे गोटे खाली, उभे. त्याच्यावर लहान."

आणि तू माइकमध्ये म्हणालास, की माझे वडील सांगताहेत, नदीच्या काठावर त्यांनी मशीनगन लावली आणि शत्रूला रोखून धरलं.

बाबा थांबले. तुझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, भाषांतर चुकलं. मग म्हणाले, "एक बाई होती थ्या गावात. म्हातारी. तिच्या घराचा उंबरठा..."

तू वाकून हळूच म्हणालास, "बाबा, वेळ कमी आहे." आणि माइकमध्ये, "ही सेज इट वॉज व्हेरी कोल्ड."

प्रफुल्ल, त्या हॉलमधल्या चाळीस माणसांना मराठी येत होतं. चाळीस! त्यांच्या एका कानात गोटे पडले आणि दुसऱ्या कानात मशीनगन. माझ्या पुढे बसलेले शशिकांतराव मान वळवून बायकोला म्हणाले, "काहीतरी घोळ होतोय." बायको म्हणाली, "गप्प बसा हो, पाहुणे आहेत." मग कॅनेडियन लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मग आपली माणसंही उठली.

त्यानंतर चहा. ब्लेझरवाल्यांपैकी एक म्हातारा काठी टेकत आला. अल्बर्टाचा. म्हणाला, मी त्या नदीपाशी होतो, रणगाडा चालवायचो. बाबांच्या पदकाकडे पाहिलं, हात मिळवला आणि मग म्हणाला, (मी शब्द न् शब्द ऐकला, कोट सांभाळत दोन हात अंतरावर उभी होते) "मला तिथले मशीनगनवाले आठवत नाहीत. मला रस्त्यावरची माणसं आठवतात. तुमच्याच देशाची. चिखलात भिजलेली, दगड लावत होती, वरून तोफगोळे पडत होते आणि ती वाकलेलीच. ती नसती तर आम्ही तिथेच बुडालो असतो. साठ वर्षं त्यांच्यापैकी कुणीतरी भेटेल म्हणून बघतोय. तुम्ही पाहिलंत का कधी त्यांना?"

तू बाबांना काय सांगितलंस? "ते तुमचं कौतुक करताहेत."

बाबांनी तुझ्या हातावर हात ठेवला आणि त्या म्हाताऱ्याला स्वतःच उत्तर दिलं. त्यांच्या फौजेतल्या इंग्रजीत. "येस सर. आय सॉ देम."

तुझा चेहरा मी पाहिला. तुला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की बाबांना इंग्रजी समजतं. म्हणजे स्टेजवरचंही समजलं होतं. साठ वर्षं शोधणारा माणूस हातभर अंतरावर होता, 'ते आम्हीच' एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. त्यांनी म्हटलं नाही. कारण बाजूला तू उभा होतास, आणि तू खोटा पडला असतास.

मला तुझा एवढा राग आला, की रात्रभर तुझ्यासाठी वाक्यं जमवत होते. चांगली जमली होती. आज सकाळी चारशे-एक हायवेवर किंग्स्टनच्या पुढे गेल्यावर मी ती बाबांना ऐकवायला सुरुवात केली. म्हटलं, बाबा, त्याने तुम्हाला विकलं.

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तू टाळ्या काहून वाजवल्या?"

मी म्हटलं, सगळे उठले होते बाबा.

"मी तुलेच पाहत होतो," ते म्हणाले. "वाटलं, हे तरी बसून राहीन."



ताई

•

मार्कहॅम, ३ डिसेंबर २००५

प्रफुल्ल,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, हाताने लिहिलेली. वाटलेल्या प्रती परत मागवल्यास, अल्बर्टाच्या त्या म्हाताऱ्याचा पत्ता शोधतो आहेस, आणि बाबांची फोनवर माफी मागितलीस तर ते 'जेवला का' एवढंच म्हणाले, असं लिहिलं आहेस. मला विचारतोस, बाबा रागावले आहेत का. आता तुला दुसरी बाजू सांगते. ती माझी आहे, त्यामुळे इतके दिवस लागले.

ओटावाहून आल्यावर चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, तुझी वही काढ. तू नेलेल्या वहीची माझ्याकडे नक्कल होती. "थे बाईचं वाच."

तू वाचलं आहेस ते पान. पडक्या गावातली इटालियन म्हातारी उंबरठ्याच्या दगडावर बसून राहते, आणि बाबांची माणसं दगड न्यायला येतात तेव्हा म्हणते, 'माझं घर जर्मनांनी पाडलं, छप्पर इंग्रजांनी पाडलं, आता उंबरठा तुम्ही न्या, म्हणजे झाडायचा त्रास वाचला.' माझं आवडतं पान. मासिकात मी ते वेगळं छापलंही होतं. लोकांनी फोन करून सांगितलं, काय बाई आहे ती!

मी वाचून दाखवलं. माझ्या सवयीने जरा नाटकीपणे. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "हे कोण बोललं?"

"ती म्हातारी."

"थे काही बोलली नव्हती."

मी म्हटलं, बाबा, थोडं रंगवावं लागतं, लिहिताना.

"थे काहीच बोलली नव्हती, मैत्रेयी. साहेबानं दोन माणसं सांगितली, हिले उचला, बाजूले ठेवा. त्याच्यातला एक मी. वजन नव्हतं तिले काही. आमी ठेवलं तिले भिताडाजवळ आन् दगड काढला." मग म्हणाले, "पुढचं मी तुमाले सांगत नाही. तू हसवशील. थो गाळून टाकीन."

मी वही मिटली. दोन हिवाळे, प्रफुल्ल. ते दोन हिवाळे मला ते सांगायचा प्रयत्न करत असतील आणि मी पेन हातात धरून कुठे विनोद बसतो ते बघत होते. तू त्यांचं फावडं लपवलंस. मी ते लोकांना दाखवून दाखवून हसवलं, आणि त्या फावड्याने केलेलं कामच ऐकलं नाही. मला वाटत होतं या घरात विश्वासघात एकानेच केला, आणि तो ओटावात राहतो.

त्यानंतर बाबांनी स्वतः फोन केला. माजी सैनिकांच्या आठवणी रेकॉर्ड करणारी माणसं असतात, त्यांचं पत्रक आमच्याच लायब्ररीत पडलेलं होतं, मीच कधीतरी घरी आणलं होतं. बाबांनी विचारलं, हिंदी बोलणारं कुणी आहे का? त्या लोकांनी हरजीत नावाची मुलगी पाठवली, ब्रॅम्प्टनची, पंचविशीची. आज सकाळी ती मशीन घेऊन आली. मी चहा केला, बिस्किटं मांडली, माझी खुर्ची टेबलाशी ओढली.

बाबा तिला म्हणाले, "बेटी, मेरे बच्चों के सामने नहीं बोलूँगा." आणि मला, "तू बाहेर बस."

मी म्हटलं, बाबा, माझं घर आहे हे.

"हो," म्हणाले. "दार लाव जाताना."

तर मी बेसमेंटच्या जिन्यात बसून हे लिहिते आहे. दीड तास झाला. आतून बाबांचा आवाज येतो, शब्द येत नाहीत. मध्ये एकदा ती मुलगी रडल्यासारखी वाटली. मी उठून दारापर्यंत गेले. कान लावणार होते, मग लावला नाही. पहिल्यांदाच, असं तू म्हणशील. म्हण.

रेकॉर्डिंग कुणाला ऐकू द्यायचं याचा एक फॉर्म असतो. बाबांनी तो माझ्यासमोरच भरून घेतला. सगळ्या जगाला परवानगी आहे, आपल्या दोघांना मात्र बाबा गेल्यावरच.

पुढच्या शनिवारी उरलेलं सांगणार आहेत. तू रागाबद्दल विचारलंस, मी बाबांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, त्याले म्हणा ये. तेव्हा ये. विंटर टायर लावून ये, किंग्स्टनच्या पुढे बर्फ आहे. माझ्या बाजूला पायरीवर जागा आहे. आत नाही.

ताई